स्पायनोसॉरस: नदीत पोहणारा की काठावर उभा राहणारा?

२००१ साली आलेल्या 'ज्युरासिक पार्क ३' मध्ये एक झुंज आहे. पाठीवर उंच शीड असलेला स्पायनोसॉरस टी-रेक्सची मान धरतो आणि मोडून टाकतो. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा सिनेमा बहुतेकांनी टीव्हीवर हिंदीतून पाहिला, आणि "दोघांत भारी कोण?" हा पोरांचा वाद अजून मिटलेला नाही. या वादात पडण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. ही झुंज कधी होऊच शकली नसती. टी-रेक्स उत्तर अमेरिकेत राहायचा, साधारण ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. स्पायनोसॉरस उत्तर आफ्रिकेतला, आणि त्याचा काळ त्याच्या कितीतरी आधीचा, १० कोटी ते साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा. मध्ये अडीच कोटींहून अधिक वर्षं, शिवाय एक समुद्र.

भारी कोण यापेक्षा मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. हा प्राणी असा दिसायचा हे आपल्याला कळलं कशावरून? टी-रेक्सचे बरेच चांगले सांगाडे जगभरच्या संग्रहालयांत आहेत. स्पायनोसॉरसच्या बाबतीत सगळी कथा मोजून दोन अर्धवट सांगाड्यांवर उभी आहे, आणि त्यातला एक आता जगात नाही. बाकी सुटे दात, जबड्याचे तुकडे, एखाददुसरा मणका. त्यामुळे नवी चार हाडं सापडली की या प्राण्याचं चित्र पुन्हा पहिल्यापासून काढावं लागतं. गेल्या शंभर वर्षांत हे अनेकदा झालं आहे.

सुरुवात इजिप्तमध्ये झाली. अर्न्स्ट श्ट्रोमर हा जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातला शास्त्रज्ञ १९१० च्या अखेरीस इजिप्तला गेला आणि पश्चिम वाळवंटातल्या बहारिया या मरूद्यानाच्या परिसरात त्याने जीवाश्म शोधायला सुरुवात केली. त्याच्यासाठी हाडं गोळा करणारा रिचर्ड मार्कग्राफ इजिप्तमध्येच राहत असे. त्याला १९१२ मध्ये एका मोठ्या प्राण्याचे अवशेष मिळाले: खालचा जबडा, काही दात, बरगड्या, आणि असे मणके की ज्यांच्यावरचे काटे हातभर नव्हे, माणसाच्या उंचीचे. सगळ्यात लांब काटा १.६५ मीटर, म्हणजे जवळजवळ साडेपाच फूट. पाठीवरचं ते शीड याच काट्यांनी तोललेलं होतं. जबडाही नेहमीच्या मांसाहारी डायनासोरसारखा नव्हता. तो अरुंद होता, आणि दात सरळ, शंकूच्या आकाराचे, कडेला करवतीसारखे दाते नसलेले. मांस कापून काढायला करवतीची धार लागते. निसटणारी, गुळगुळीत शिकार पकडून ठेवायची असेल तर टोकदार, गोल दात कामाला येतात.

श्ट्रोमरने १९१५ मध्ये या प्राण्याचं वर्णन प्रसिद्ध करून त्याला स्पायनोसॉरस इजिप्शियाकस हे नाव दिलं. प्रत्येक हाडाची मापं घेतली, बारकाईने चित्रं काढवून घेतली. त्या काळी हे काम कोरडं वाटलं असेल. पुढे मात्र तेच उरलं.

कारण ती हाडं म्युनिकच्या संग्रहालयात, शहराच्या मधोमध ठेवलेली होती. दुसरं महायुद्ध सुरू झालं, जर्मन शहरांवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा संग्रह सुरक्षित जागी हलवावा अशी मागणी श्ट्रोमरने केली. संग्रहाचा प्रमुख कार्ल बॉयर्लेन हा नाझी पक्षाचा सदस्य होता. त्याने ती मान्य केली नाही. श्ट्रोमर नाझींचा विरोधक होता आणि ते लपवतही नव्हता. २४ एप्रिल १९४४ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी म्युनिकवर हल्ला केला, इमारत जळाली, आणि स्पायनोसॉरससोबत बहारियाहून आणलेल्या इतर डायनासोरांची हाडंही गेली. साडेनऊ कोटी वर्षं दगडात टिकलेली हाडं, संग्रहालयात यायला आणि नष्ट व्हायला मिळून बत्तीस वर्षं लागली. श्ट्रोमरचे दोन मुलगे त्याच युद्धात मारले गेले. १९५२ मध्ये तो वारला, तोवर त्याच्या सगळ्यात मोठ्या शोधाचा एकही तुकडा शिल्लक नव्हता.

राहिले ते त्याचे लेख, चित्रं आणि मापं. बऱ्याच वर्षांनी त्या मूळ सांगाड्याची दोन जुनी छायाचित्रं मिळाली आणि २००६ मध्ये त्यांच्यावर आधारित शोधनिबंध आला. छायाचित्रं आणि चित्रं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा श्ट्रोमरचं काम किती काटेकोर होतं ते दिसलं. हाडं जळाल्यानंतरची साठ-सत्तर वर्षं जगभरचे शास्त्रज्ञ जे स्पायनोसॉरसबद्दल बोलत होते, ते बहुतांश या कागदांच्या आधारावर.

आता एक प्रश्न आपल्याकडची मुलं हमखास विचारतात: आपल्या इथे खणलं तर सापडेल का? याचं उत्तर समजून घ्यायला हाड दगडात कसं टिकतं ते बघावं लागेल. प्राणी मेला की उघड्यावर त्याचं काही राहत नाही. तो लवकर गाळाखाली गाडला गेला पाहिजे. नदीचा चिखल, त्रिभुज प्रदेशातली वाळू, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला गाळ, अशा जागी हे घडतं. आज वाळवंट असलेलं बहारिया त्या काळी समुद्रकाठचा दलदलीचा, खारफुटीसारख्या झाडोऱ्याचा मुलूख होता. म्हणून तिथे हाडं टिकली. गाळ साचत गेला, दाबला गेला, दगड झाला, आणि आतल्या हाडांत हळूहळू खनिजं भरली.

आपल्या भागातले दगड वेगळे आहेत. खानापूर, बेळगाव, चंदगडकडे जा, सह्याद्रीचा काळा दगड लागतो. तो लाव्हा आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर ओतला गेलेला. वितळलेल्या दगडाखाली सापडलेल्या प्राण्याचं हाड शिल्लक राहण्याची आशा फार कमी. त्या काळ्या दगडावर आपल्याकडे जांभा आहे, ज्याचे चिरे काढून आपण घरं बांधत आलो. जांभा हा मूळ दगड लाखो वर्षांच्या पावसाने झिजून, बदलून तयार झालेला, त्यामुळे त्यातही काही मिळायचं नाही. आता पूर्वेला या. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते ती वालुकाश्मावरून. सौंदत्ती, रामदुर्ग, पुढे बागलकोटपर्यंत याच कुळातले दगड आहेत, त्यांना कलादगी समूह म्हणतात. हे गाळाचे दगड खरे, पण शंभर कोटी वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहूनही जुने. ती वाळू साचत होती तेव्हा पृथ्वीवर हाड असलेला एकही प्राणी नव्हता. बागलकोटकडच्या चुनखडीत सूक्ष्म जीवांच्या थरांचे ठसे मिळतात, तेवढंच त्या काळचं जीवन.

म्हणजे आपल्याकडे एकतर डायनासोरांच्या कितीतरी आधीचा दगड आहे, नाहीतर त्यांच्या अखेरीचा लाव्हा. मधल्या काळाचा गाळ इथे उघडा पडलेला नाही. या जमिनीवर डायनासोर चाललेच नाहीत असा याचा अर्थ मुळीच नाही. जबलपूरला विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला १८२८ मध्येच डायनासोरची हाडं मिळाली होती, गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला सापडली, महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला सापडली. ही बहुतेक लाव्ह्याच्या थरांखाली किंवा लगत साचलेल्या गाळातली. रैयोलीच्या हाडांवरून २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हा मोठा मांसाहारी जगापुढे आला, डोक्यावर बुटकं शिंग असलेला. तो स्पायनोसॉरसच्या कुळातला नव्हे आणि त्याच्या कितीतरी नंतरचा.

इथे एक सांगून ठेवतो. काळ्या दगडाचे गोल गोटे रस्त्याच्या कापलेल्या दरडीत किंवा शेतात दिसले की "डायनासोरची अंडी सापडली" अशी चर्चा सुरू होते. काळा दगड भेगांच्या कडेने पापुद्रे सुटत झिजतो आणि मधला भाग गोल राहतो. ती अंडी नव्हेत. कुणाला खरोखर हाडासारखं काही दिसलंच, तर ते उचलून घरी नेऊ नये. जागेसकट फोटो काढावा आणि भूविज्ञान शिकवणाऱ्या कुणाला दाखवावा. असं का, ते मोरोक्कोच्या गोष्टीत कळेल.

त्याआधी भावकीबद्दल थोडं. म्युनिकची हाडं गेल्यावर शास्त्रज्ञांना मदत झाली ती स्पायनोसॉरसच्या नातेवाइकांची. १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, मातीच्या खाणीत, विल्यम वॉकर या हौशी शोधकाला एक प्रचंड नखी मिळाली. त्या प्राण्याला पुढे बॅरिऑनिक्स नाव मिळालं. त्याच्या बरगड्यांच्या पोकळीत पोटातल्या आम्लाने झिजलेले माशांचे खवले सापडले, आणि सोबत एका लहान शाकाहारी डायनासोरची हाडं. म्हणजे हे कूळ मासे खायचं, पण मासेच खायचं असं नाही. १९९८ मध्ये नायजर देशातल्या सुकोमिमसची माहिती आली. ब्राझीलमधल्या आणखी एका नातेवाइकाची कवटी विक्रेत्याने जास्त किंमत यावी म्हणून पुढून लेप चढवून लांब केलेली निघाली, आणि शास्त्रज्ञांना आधी तो खोटा भाग काढत बसावं लागलं. स्पायनोसॉरसचा जो अवयव ठाऊक नव्हता तो या नातेवाइकांवरून भरला जायचा. 'ज्युरासिक पार्क ३' मधला स्पायनोसॉरस असाच बनला: टी-रेक्ससारखे दणकट लांब पाय, वर शीड, पुढे मगरीसारखं तोंड. त्यावेळी मागच्या पायांबद्दल ठोस माहिती फारच कमी होती, त्यामुळे सिनेमावाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

मोरोक्कोची गोष्ट २००८ ची. निझार इब्राहिम हा तरुण शास्त्रज्ञ एर्फूद गावात होता. सहारा वाळवंटाच्या कडेला असलेल्या या भागात, केम केम नावाच्या दगडांत, गावकरी जीवाश्म खणून व्यापाऱ्यांना विकतात. अनेक घरं त्यावर चालतात. मिशा असलेल्या एका माणसाने त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यातली हाडं दाखवली. पुढच्या वर्षी इटलीत मिलानच्या संग्रहालयात त्याला एका अर्धवट सांगाड्याची हाडं दाखवली गेली, आणि ती त्याच रंगाच्या, त्याच घडणीच्या दगडात होती. दोन्ही हाडं एकाच जागची असावीत असं त्याच्या लक्षात आलं. पण ती जागा कुठली? नाव माहीत नाही, पत्ता नाही, आठवणीत फक्त मिशा. २०१३ मध्ये तो शोधायला परत गेला, आशा सोडून एका कॅफेत बसला होता, आणि तो माणूस समोरून चालत गेला. त्याने नेऊन खड्डा दाखवला.

तो खड्डा मिळाला नसता तर ती हाडं सुटीच राहिली असती. कुठल्या थरातली, एका प्राण्याची की चार प्राण्यांची, काहीच सांगता आलं नसतं. हाडाची अर्धी माहिती हाडात असते आणि अर्धी ते जिथे पडलं होतं तिथे. इंटरनेटवर स्पायनोसॉरसचे दात विकायला दिसतात. दात खरे असू शकतात, कारण या प्राण्याला आयुष्यभर नवे दात येत राहायचे आणि ते ढिगाने सापडतात. अखंड जबडा मात्र बहुतेकदा वेगवेगळे तुकडे चिकटवून केलेला असतो.

त्या जागेवर पुन्हा खणल्यावर २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जे छापून आलं त्याने जुनं चित्र मोडलं. मागचे पाय आखूड. पायांच्या हाडांत नेहमीची मोठी पोकळी नाही, ती भरीव, जशी पाण्यात बुडी मारणाऱ्या पेंग्विनची असतात. नाकपुड्या तोंडाच्या टोकाला नसून बऱ्याच मागे, डोळ्यांच्या दिशेने. पायाची नखं चपटी. लगेच शंका आली की पाय एका लहान प्राण्याचे आणि पाठ दुसऱ्या मोठ्याची तर नाही? पुढच्या उत्खननांत त्याच जागी आणखी हाडं मिळाली, आणि एकही हाड दोनदा सापडलं नाही. सगळी एकाच प्राण्याची होती.

याच उत्खननांत शेपूट हाती आलं. २०२० मध्ये 'नेचर' मध्ये त्याचं वर्णन आलं. इतर मांसाहारी डायनासोरांची शेपटी टोकाकडे निमुळती, ताठ असते. याच्या शेपटीच्या मणक्यांवर वर आणि खाली लांब काटे होते, म्हणजे ती उभी, चपटी, वल्ह्यासारखी. अमेरिकेत हार्वर्डमध्ये या आकाराचे पातळ नमुने यंत्राला लावून पाण्यात हलवून पाहिले, तेव्हा दुसऱ्या डायनासोरांच्या शेपटीपेक्षा त्यातून बराच जास्त जोर मिळाला. पाण्यात पोहत पाठलाग करणारा डायनासोर सापडला, अशा बातम्या जगभर झळकल्या.

खरा वाद इथून पुढे सुरू झाला, आणि तो समजायला आपल्याला लांब जायला नको. कृष्णेच्या काठी, चिकोडी, रायबाग, अथणीच्या पट्ट्यात मगर पाहिलेली माणसं आहेत. काळी नदीवर दांडेलीला तर लोक मगर बघायलाच जातात. मगरीचे डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या अगदी वरच्या पातळीत असतात. अंग पाण्याखाली लपवून ती नुसत्या त्या दोन उंचवट्यांवर जगाकडे बघते. आता खानापूरच्या भातशेतातला बगळा आठवा. तो घोटाभर पाण्यात उभा राहतो, लांब मानेने वरून झडप घालतो. स्पायनोसॉरस यांतल्या कुणाच्या वाटेने जायचा? डेव्हिड होन आणि थॉमस होल्ट्झ यांनी २०२१ मध्ये बगळ्याची बाजू मांडली. स्पायनोसॉरसचे डोळे मगरीसारखे वर आलेले नाहीत. नाकपुड्या मागे आहेत त्या अशा की तोंडाचं टोक पाण्यात बुडवूनही श्वास घेता यावा. आणि ते शीड घेऊन पाण्यात वेगाने जाणं म्हणजे पाण्याचा सगळा अडथळा अंगावर घेणं.

त्यावर २०२२ मध्ये मात्तेओ फाब्रींच्या गटाने हाडांच्या भरीवपणाचा अभ्यास पुढे आणला. जिवंत आणि नष्ट झालेल्या दोनशेहून अधिक प्राण्यांची हाडं कापून किंवा स्कॅन करून पाहिली. बुडी मारणाऱ्यांची हाडं भरीव, जमिनीवरच्यांची पोकळ. स्पायनोसॉरस आणि बॅरिऑनिक्स भरीव निघाले, सुकोमिमस मात्र नाही. त्याच वर्षी पॉल सेरेनोंच्या गटाने संगणकावर स्पायनोसॉरसचं सबंध शरीर बांधलं, वजन साधारण ७.४ टन धरलं, आणि निष्कर्ष काढला की तो पृष्ठभागावर हळूहळू पोहू शकेल, बुडी मारू शकणार नाही, कारण इतर हाडांतली हवा त्याला वर ढकलेल. २०२४ मध्ये हाडांच्या भरीवपणावरच्या आकडेमोडीच्या पद्धतीवरच आक्षेप घेणारा निबंध आला. वाद आजही चालू आहे.

दातांचा पुरावा मला यात सगळ्यात सुंदर वाटतो, म्हणून तो थोडा उलगडतो. पाण्यातल्या ऑक्सिजनचे हलके आणि जड असे प्रकार असतात. अंगातलं पाणी वाफ होऊन जातं तेव्हा हलका प्रकार आधी निघून जातो आणि जड मागे उरतो. जमिनीवर उन्हात वावरणाऱ्या प्राण्यात हे जास्त घडतं, पाण्यात राहणाऱ्यात कमी. दात घडताना हे प्रमाण त्यात कायमचं कोरलं जातं. २०१० मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी या कुळाचे दात तपासले, तर त्यांचं प्रमाण त्याच ठिकाणच्या मगरी आणि कासवांशी जुळणारं होतं, जमिनीवरच्या डायनासोरांशी नव्हे. मोरोक्कोतल्या एका जुन्या नदीपात्रात मिळालेल्या सुमारे १,२०० दातांपैकी जवळजवळ ४५ टक्के स्पायनोसॉरसचे निघाले. दिवसाचा मोठा भाग तो पाण्यात होता, हे मला यावरून पटतं. पण पाण्यात असणं आणि पाण्यात पाठलाग करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या नद्यांत करवतीसारख्या तोंडाचे प्रचंड मासे होते, माणसाहून लांब. त्यांना गाठायला उथळ पाण्यात दबा धरणं पुरेसं होतं. माझा कल काठाकडे, गरज पडली तर पोहणाऱ्या प्राण्याकडे आहे. एवढी मोठी शेपटी मग कशासाठी, याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर काठवाल्यांकडे नाही. जोडीदाराला किंवा प्रतिस्पर्ध्याला दाखवण्यासाठी, असं ते म्हणतात; शीडही त्यासाठीच असेल.

सिनेमाने आपली बाजू निवडली आहे. २०२५ च्या 'ज्युरासिक वर्ल्ड: रिबर्थ' मध्ये स्पायनोसॉरस समुद्रात मोसासॉरस या प्रचंड सागरी सरपटणाऱ्या प्राण्याच्या सोबतीने पोहत शिकार करतात. चोवीस वर्षांपूर्वीचे लांब पाय गेले, वल्ह्यासारखी शेपटी आली. हाडांचा तपशील नव्या शोधांना धरून सुधारला. पण अभ्यासकांत ज्यावर एकमत नाही, ते पडद्यावर ठरून गेलं आहे, आणि आता मुलांच्या डोक्यात तेच पक्कं होणार.

लांबीचंही असंच झालं. २००५ मध्ये मिलानच्या संग्रहालयातल्या जवळजवळ एक मीटर लांबीच्या तोंडाच्या तुकड्यावरून १६ ते १८ मीटरचा अंदाज आला. नव्या मोजमापांनी तो १४-१५ मीटरच्या आसपास आणला. तरीही लांबीत तो टी-रेक्सला मागे टाकतो. वजनात टी-रेक्स जड.

संग्रहालयात किंवा पुस्तकात स्पायनोसॉरसचा पूर्ण सांगाडा दिसला तर त्याच्या हातांकडे नीट बघा. ते त्याचे नाहीत, भावकीतल्यांचे आहेत. स्पायनोसॉरसचा पुढचा पाय पूर्ण असा अजून सापडलेला नाही. एका प्राण्याची अखंड कवटीही नाही. २०१४ मध्ये तो चार पायांवर चालत असावा असं सुचवलं गेलं होतं. नंतरच्या हिशेबांत शरीराचा तोल कमरेवर आला आणि तो पुन्हा दोन पायांवर उभा राहिला. मनगटासकट एक पुढचा पाय केम केममधून निघाला, तर तो अंगाचा भार पेलू शकत होता की नाही हे थेट पाहता येईल. पोहण्याचा वाद मात्र त्याने मिटणार नाही. त्यासाठी बॅरिऑनिक्सच्या पोटात सापडलं तसं काही याच्या बरगड्यांत मिळायला हवं, किंवा नदीच्या तळाशी उमटलेले त्याच्या पायांचे ठसे.